ळ बाळाचा

बाराखडीला एक चाल होती. ती कुणी बांधली ते ठाऊक नाही, पण पारोळ्याकडून अमळनेरकडे बोरी नदीच्या काठाकाठानं जी गावं लागतात, त्या गावांमधून सकाळी शाळेची घंटा झाली की ती एकाच सुरात ऐकू यायची. ‘क ला काना का’ म्हणताना आवाज किंचित वर चढायचा, वेलांट्यांपाशी लांबून लचकायचा, दोन मात्रांनंतर पोरं श्वासाला थांबायची, आणि शेवटचा ‘कः’ तर असा जोरानं सुटायचा की कौलांवर बसलेली कबुतरं फडफडत उठायची. वावरात कापूस वेचायला वाकलेल्या बाया त्या आवाजावरून वेळ ओळखायच्या. ‘शाया भरनी’ असं एकीनं म्हणायचं, दुसरीनं ओच्यातला कापूस गाठोड्यात रिकामा करायचा, आणि तिकडे शाळेत आम्ही ‘ख’वर पोचलेलो असायचो.

आम्ही म्हणजे मी आणि पहिलीची पोरं. १९७८ च्या जूनमध्ये डी.एड.चं प्रमाणपत्र, टेरिकॉटचे दोन बुशशर्ट आणि बालमानसशास्त्राच्या टिपणांची जाडजूड वही ट्रंकेत घालून मी त्या गावात एस.टी.तून उतरलो, तेव्हा माझं वय असं होतं की फाट्यावरच्या चहावाल्यानं मला ‘कोणाकडचे पाव्हणे?’ असं विचारलं आणि मी ‘शाळेचा नवीन शिक्षक’ म्हटल्यावर तो हसला. माझं अक्षर सुंदर होतं. हे गावाला लवकरात लवकर कळावं अशी मला फार तळमळ होती, म्हणून मी रोज फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं, उभे-आडवे फाटे एकसारखे ठेवून, एक सुविचार लिहीत असे. समोर बसलेल्या पोरांपैकी कुणालाच अजून ‘अ’ येत नव्हता, त्यामुळे त्या सुविचारांचा एकमेव वाचक मीच होतो, आणि मला ते फार आवडत.

दर्शनी भिंतीवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी निळी अक्षरं असलेली दोन खोल्यांची शाळा. एका खोलीत पहिली आणि दुसरी, दुसरीत तिसरी आणि चौथी. मधल्या दारात मोठे गुरुजी खुर्ची टाकून बसत आणि एकाच डोळ्यानं दोन्हीकडे बघत. जमीन मातीची. दर शनिवारी ती मुली सारवायच्या, आणि सोमवारी दार उघडलं की शेणाचा वाळत आलेला, थोडा गोडसर, थोडा आंबूस वास अंगावर यायचा. त्यात तागाच्या बसकरपट्ट्यांचा धुळकट वास मिसळलेला, पोरांच्या डोक्यांना चोपडलेल्या तेलाचा, फडक्यात बांधून आणलेल्या कळण्याच्या भाकरीचा आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा. पाऊस लागला की ओल्या घोंगड्यांचा. आणि या सगळ्यावर तरंगत असायचा खडूचा कोरडा, पांढरा वास, जो पुढे कितीतरी वर्षं माझ्या शर्टातून, केसांतून, बायको म्हणते त्याप्रमाणे माझ्या उशीतूनसुद्धा गेला नाही.

पाट्या दोन जातींच्या. दगडी पाटी, लाकडी चौकटीची, गार, जड, गालाला लावली की भर उन्हाळ्यात बरं वाटायचं. आणि पत्र्याची, हलकी, पडली तरी न फुटणारी, पण जिच्यावर पेन्सिल असा काही कर्रकन आवाज काढायची की दात शिवशिवायचे. पेन्सिलीचा खरा उपयोग लिहिण्यासाठी होता की खाण्यासाठी हे मला कधी नीट ठरवता आलं नाही. जूनमध्ये दिलेली अख्खी पेन्सिल पोळ्यापर्यंत नखाएवढी व्हायची, आणि तेवढं लिहून झालेलं तर पाटीवर कुठंच दिसायचं नाही. पाटी पुसायला हौशी घरातल्या पोरांकडे डबीतला ओला स्पंज, बाकीच्यांकडे चिंधी, आणि घाईच्या वेळी सगळ्यांकडे थुंकी. पुसलेली पाटी हवेत हलवत, चिमणीला वारा घालायला सांगत पोरं ओळीनं उभी राहायची. पाटी वाळली की तिच्यावर जुन्या अक्षरांचे फिकट वळसे तसेच राहिलेले असायचे, आणि नवं अक्षर त्या जुन्या अक्षरांच्या अंगावरच लिहावं लागायचं.

आधी धुळाक्षरं होती. मोठे गुरुजी स्वतः लहानपणी धूळपाटीवर शिकलेले, फळीवर विटेची भुकटी पसरून तिच्यात बोटानं अक्षर ओढायचं असा त्यांचा काळ, आणि त्यांनी ती रीत सोडली नव्हती. पहिले काही आठवडे ते पोरांना अंगणात कडुनिंबाखाली बसवत, माती हातानं सपाट करून घेत आणि बोटानं ‘ग’ काढून त्याच्यावर चिंचोके मांडायला लावत. मला हे जुनाट वाटे. माझ्या टिपणांच्या वहीत इटलीच्या माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं कशी केली आणि मुलांना त्यांच्यावरून बोट कसं फिरवायला दिलं, याबद्दल दोन पानं होती. तीच गोष्ट माझ्यासमोर कडुनिंबाखाली फुकटात चालली होती, पण ती वहीत नव्हती. तिकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी हेच करून दाखवलं होतं, परदेशी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया आणि खडे घेऊन. त्यांची नावं मला परीक्षेपुरती पाठ होती. चिंचोके मात्र मोठे गुरुजी घरून आणत, सदऱ्याच्या खिशातून, तपकिरीच्या डबीबरोबर.

‘ग म भ न’ हा क्रम त्यांचा. का, तर ग आला की त्याच्या उभ्या रेघेला थोडं इकडचं वळण तिकडे केलं की म, म चा भ, आणि न तर ओघानंच. हाताला सोपं. मला शिकवलेलं वेगळं होतं: वर्णमाला म्हणजे कंठापासून ओठांपर्यंतचा प्रवास, क-वर्ग गळ्यात, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ वळवून, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच तोंडात जीभ फिरवून बघितली आणि आवाज घरांत बसवून दिले. तोही क्रम खरा, हाही खरा. एक तोंडाचा, एक हाताचा. आणि बालभारतीचं पुस्तक तिसऱ्याच क्रमानं जायचं. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ निघालं आणि गावोगाव सरकारी छपाईची ती पुस्तकं आली. त्यात अक्षरं अशी निवडलेली असायची की दोन-चार आली की लगेच एखादा छोटा शब्द व्हावा आणि शब्दाबरोबर चित्र. तो क्रम अर्थाचा. असे तीन क्रम एका खोलीत, एकाच पोराच्या डोक्यावरून जायचे. तरी पोरं शिकायची, याचं श्रेय कुणी घ्यावं हे त्या तिघांनी आपसात ठरवावं.

भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता, कडा वाळवीनं खाल्लेला. त्या तक्त्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं वहीनं शिकवलं नाही. ‘अ’ला अननस. आमच्या अख्ख्या गावानं अननस पाहिलेला नव्हता. केळीच्या जिल्ह्यातल्या पोरांना ते चित्र निवडुंगाचं वाटे, आणि मी स्वतः पहिला अननस पुढे कितीतरी वर्षांनी नाशिकला पाहिला, तोही कापलेला. ‘ई’ला ईडलिंबू. पोरं चित्राकडे बघत आणि ठणठणीत आवाजात सांगत, ‘ई निंबूना!’ ‘ए’ला एडका, तर पोरांच्या घरी दावणीला बांधलेल्या त्या प्राण्याचं नाव मेंढा, म्हणून ‘ए मेंढाना’. मी एका दुपारी बसून त्यांना एडका म्हणजे काय ते समजावत होतो, आणि मेंढपाळाचा पोरगा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की आपल्या गुरुजींना मेंढा ओळखता येत नाही, आता कसं होणार. ‘ङ’ आणि ‘ञ’ या दोन घरांत चित्रच नव्हतं. ती रिकामी घरं पोरांना फार आवडायची. मधल्या सुट्टीत कुणीतरी कोळशानं एकात कुत्रा आणि दुसऱ्यात मला काढलं होतं, मला चष्म्यासकट.

आणि मग ‘ळ’. मराठीत ळ नं सुरू होणारा शब्द नाही, म्हणून तक्त्यात एक गोंडस, काळंभोर जावळ असलेलं बाळ होतं आणि खाली ‘ळ बाळाचा’. ‘ण’चा बाणही असाच, शेवटून अक्षर देणारा. पण बाण निदान पोरांनी पाहिला होता. अहिराणीत ळ नाही. डोळा तो डोया, शाळा ती शाया, केळं ते केयं, काळा तो काया. तोंडात जो आवाज कधी आलाच नाही तो कागदावर काढून दाखवणं म्हणजे काय, हे मला पहिल्या पावसाळ्यातच कळलं. मी छडीनं चित्र दाखवायचो, ‘ळ?’ पोरं एका सुरात, ‘बायना!’

मी जीभ वळवून दाखवायचो. तोंड उघडं ठेवून, जीभ वर टाळूकडे नेऊन, ‘ळऽऽ’ करत मी बाकांशिवायच्या त्या वर्गातून फिरायचो, आणि पोरं माझ्या तोंडात वाकून बघायची. दारातून जाणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं होतं, ‘मास्तरना दात दुखस का?’ माझ्या डोक्यात तेव्हा प्रमाण उच्चाराचा ध्वज फडकत होता. घरी माझी स्वतःची आजी ‘मन्हा डोया’ म्हणायची, आणि मी वसतिगृहात राहून तो डोया पुसून आलो होतो, हे त्या पोरांना सांगण्याचं काही कारण मला दिसत नव्हतं. मोठे गुरुजी मात्र शांत. ते फळ्यावर ‘केळं’ लिहीत, पोरं ‘केयं’ वाचत आणि ते म्हणत, बरोबर. मग सावकाश म्हणत, ‘जळगावला बाजारात गेलास तर तिथला माणूस याला केळं म्हणेल. तू घरी केयं म्हण. लिहायचं असं.’ पोराला पटायचं. एका वस्तूला घरचं एक आणि बाजारचं एक अशी दोन नावं असतात, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. त्याचं स्वतःचंच घरी एक आणि हजेरीत दुसरं नाव होतं.

आजकाल ज्याला फोनिक्स म्हणतात, ते आम्ही दोन शब्दांत करायचो: ‘पटकन म्हण.’ क, म, ळ. तीन अक्षरं सुटी, प्रत्येकाच्या पोटात अ. ‘क... म... ळ...’ पोरगं म्हणायचं आणि माझ्याकडे बघायचं. पटकन म्हण. ‘क. म. ळ.’ अजून पटकन. ‘कमळ’ म्हणताना शेवटच्या ळ मधला अ गळून पडतो, म मधला राहतो, हे व्याकरण मी त्याला कसं सांगणार? ते त्याच्या कानाला आधीच येत होतं. अक्षरं तोंडातल्या तोंडात घोळता घोळता कुठल्यातरी क्षणी त्याच्या कानाला ओळखीचा शब्द लागायचा, आणि चेहरा असा उजळायचा की माझे सगळे सुविचार त्यापुढे फिके. मग ते पोरगं थांबत नसे. बिडीच्या बंडलावरचा कागद, आगपेटी, युरियाची गोणी, एस.टी.ची पाटी, जे दिसेल ते. एकदा गावच्या चावडीच्या भिंतीवरची कुटुंबनियोजनाची सगळी जाहिरात, लाल त्रिकोणासकट, एका पोरीनं आपल्या पाच भावंडांसमोर अक्षर अक्षर लावत खणखणीत वाचून दाखवली होती, आणि तिचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला म्हणाला होता की गुरुजी, वाचन थोडं हळू आवाजात शिकवा.

प्रश्नही त्या वाचणाऱ्या पोरांचेच. चमच्यातला च आणि चिंचेतला च एकच कसा? जहाजातला ज आणि जिभेतला ज? मी फळ्यावर दोन च लिहिले, दोन्ही सारखेच दिसत होते, आणि मी विषय बदलला. मराठी लिपी बोलल्याप्रमाणे लिहिते असं आपण अभिमानानं सांगतो, पण च, ज, झ यांनी आपली दोन-दोन तोंडं कधी कागदावर येऊ दिली नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचं तर बोलूच नये. ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’ हे पोरांना चालीत पाठ होतं, कानाला दोन्ही एकच.

दसऱ्याला पाटीपूजन. पाटीच्या मधोमध एकाच्या आकड्यांची सरस्वती, रेघारेघांची, जी काढताना प्रत्येकाची वेगळीच देवी निघायची, कुणाची जाड, कुणाची तिरपी. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. त्या दिवशी पाटीवर लिहायचं नाही, म्हणून पोरं पाटीला हात न लावता नुसती तिच्याभोवती घुटमळत. दसऱ्यानंतर मात्र वर्ग ओस पडे, कारण कापूस फुटलेला असे, आणि लहान बोटांना बोंडातला कापूस चांगला वेचता येतो. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच ती सुट्टी पोरांनी घेतलेली असे. परतताना त्यांच्या बोटांना बोंडांचे ओरखडे आणि अर्धी बाराखडी विसरलेली. मी चिडायचो. मोठे गुरुजी म्हणायचे, चाल आठवते ना? मग येईल.

आता खरं सांगायचं तर चालीनं फसवलंही. चाल सगळ्यांना पाठ व्हायची, अक्षर सगळ्यांना ओळखू यायचं नाही. मागच्या ओळीतली दोन-तीन पोरं अख्खी बाराखडी डोळे मिटून, सुरात, न चुकता म्हणायची, आणि मधलाच ‘कु’ फळ्यावर लिहिला की माझ्याकडे बघून गोड हसायची. वर्ग एकत्र गात असला की कोण नुसतं गातंय ते कळत नाही. त्यातली काही चौथीपर्यंत गातच गेली आणि मग गुरांमागे गेली. २००५ मध्ये ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीचे तरुण कार्यकर्ते हातात एकेक कागद घेऊन गावोगाव घरांत जाऊ लागले, मुलाला ओट्यावर बसवून अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असं क्रमानं वाचायला देऊ लागले, तेव्हा शिक्षक मंडळींना फार राग आला होता, मलाही. पण तो कागद एकट्या मुलापुढे धरला जायचा. तिथं सूर धरायला शेजारी कुणी नसायचं.

दसऱ्याच्या त्या दिवसांत एका पोराला सोडायला त्याची आजी यायची. उंबऱ्याशी बसून ती चालीत चाल मिसळायची. आम्ही ‘ट’ची बाराखडी म्हणत असू तर ती जात्यावरच्या कुठल्या ओवीतला ट धरून पुढे काही जोडायची, पोरं हसायची, आणि मला शिस्त बिघडल्यासारखं वाटायचं. अंगठेबहाद्दर बाई, असं मी तेव्हा मनात म्हटलेलं आठवतं. साक्षरतेच्या पोस्टरवरच्या अंधारातल्या कंदिलावर माझा पूर्ण विश्वास होता. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्या १९५१ साली गेल्या, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, कागदावर जपलेली त्यांची गाणी अत्र्यांच्या आग्रहानं १९५२ मध्ये पुस्तकात आली, हेही मी पोरांना सांगत असे. पण बहिणाबाई पुस्तकात होत्या आणि ही म्हातारी उंबऱ्यावर, म्हणून दोघींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनात आलं नाही. तिच्या कानाला यमक आमच्या सगळ्यांच्या आधी लागायचं. तिचा नातू त्या वर्गात सगळ्यांत आधी वाचायला लागला.

पुढे माझी बदली चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. तिथली बरीच मुलं पावरा. घरी पावरी, आणि मराठी म्हणजे शाळेतली भाषा. माझी अहिराणी, जी मी एव्हाना पुन्हा बोलायला शिकलो होतो, तिथं निम्मीच चालत होती. तक्ता पुन्हा तोच, अननस, ईडलिंबू, एडका. मी तो तक्ता उतरवून ठेवला आणि पोरांना घेऊन बाहेर पडलो. महू, पळस, साग, तीर, कोंबडा, नदीतले गोटे, जे दिसेल त्याचं त्यांचं नाव ते सांगणार, माझं मी, आणि पहिला आवाज कुठला ते दोघं मिळून ऐकणार. मोहाच्या फुलांचा तो दाट, डोक्यात चढणारा वास अजून नाकात आहे. बाण तिथल्या पोरांना नीट माहीत होता, त्यामुळे ‘ण’ लवकर बसला.

त्याच सुमारास फलटणच्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या कामाबद्दल एका प्रशिक्षणात ऐकलं. अमेरिकेतून येऊन इथल्याच झालेल्या या बाई फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत दलित वस्तीतल्या, शाळेत मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवत होत्या. थोडीच अक्षरं, पण सोबत लगेच काना, म्हणजे पहिल्या आठवड्यात पोराच्या हाती खरा शब्द. बाराखडी पूर्ण होईस्तोवर शब्दाची वाट बघायची नाही. ऐकून मला मोठ्या गुरुजींची आठवण झाली, आणि त्यांना हे पटलं असतं का, यावर मी परतीच्या एस.टी.त अमळनेरपर्यंत विचार केला. साने गुरुजींचं अमळनेर. इथल्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० शिकवत होते, आणि आमच्या भागातला प्रत्येक प्राथमिक शिक्षक स्वतःला त्यांचा दूरचा नातेवाईक समजतो.

मग योजना आल्या, आमच्या शिक्षकांच्या जगात त्या पावसासारख्या येतात. खडू-फळा मोहीम आली आणि एका पेटीतून ढोलकी, चुंबक आणि गोलाकार भिंगं आली. ढोलकी वापरली गेली. किमान अध्ययन क्षमता आल्या, त्यांचे तक्ते भरता भरता कमाल क्षमता खर्ची पडली. महिन्याला तीन किलो तांदूळ आला आणि हजेरी वाढली, मग त्याची खिचडी झाली आणि खडूच्या वासात हळद-मोहरीच्या फोडणीचा वास मिसळला, तो मला आवडायचा. २००९ मध्ये शासनानं ल आणि श यांची वळणं ठरवून दिली, ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत घर दिलं. माझा सुंदर ‘ल’ एका रात्रीत बेकायदा ठरला. ज्ञानरचनावाद आला आणि गुळगुळीत फरशीवर ऑइल पेंटनं अक्षरांचे गोल, चौकोन, सापशिड्या उमटल्या. चिंचोके गेले. छडीही गेली, आणि तिच्यासाठी मी टिपूस गाळणार नाही. पत्र्याच्या पाट्या गेल्या, कर्रकन आवाज गेला, थुंकी गेली. वह्या आल्या, आणि चुकून पुसून टाकण्याची सोय गेली. एवढ्याचं मात्र वाईट वाटतं.

माझी नात पुण्यात इंग्रजी शाळेत जाते. तिथं जॉली फोनिक्स आहे. एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात, ए-बी-सी-डीचा क्रम नाहीच. ‘एस’ नाही म्हणायचं, ‘स्स्स’ म्हणायचं, हात सापासारखा हलवत. मला तिनं बसवून शिकवलं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज चव्वेचाळीस, असं ती मला गंभीरपणे सांगते, आणि मी तिच्यासमोर मांडी घालून ‘स्स्स’ करतो. दारावरून जाणारा कुणी ‘आजोबांचे दात दुखतात का’ असं विचारत नाही, कारण पुण्यात दारावरून कुणी जात नाही. सुट्टीत ती जळगावला येते तेव्हा मी तिला मराठी वाचायला शिकवतो, चिंचोके कुठून तरी पैदा करून. ती ते मांडते आणि मधले दोन-चार तोंडात टाकते. वरच्या मजल्यावरून मेहरूणच्या तळ्याकडचा वारा येतो, आणि ती क-म-ळ करते. तिला ळ ओळखता येतो. पण ‘ळ’ला ती ‘ल्ल’ म्हणते, पुण्याच्या शाळेतल्या बाईंसारखा, आणि माझ्या घरचे सगळे हसतात, विशेषतः ज्यांना स्वतःला ळ येत नाही ते.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तीच, चावडीची भिंत वाचणारी. एरंडोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात मोठा टीव्ही, पुस्तकावर क्यूआर कोड, तो मोबाइलनं टिपला की गाणं सुरू. मुलं त्या गाण्यात माझ्याच चालीची बाराखडी म्हणतात, फक्त खाली तबल्याऐवजी डिस्कोचा ठेका. पण वर्ग संपला की ती प्रत्येकाला वेगळं जवळ बोलावते आणि एकट्याकडून चार शब्द वाचून घेते. फळ्यावर तिनं दोन स्तंभ केले होते. एकात ‘केयं, डोया, फया’, दुसऱ्यात ‘केळं, डोळा, फळा’. तपासणीला आलेल्या साहेबांनी पहिला स्तंभ बघितला आणि विचारलं, ‘मॅडम, हे चुकीचं शुद्धलेखन फळ्यावर कशासाठी?’

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘ते आमच्या घरचं आहे.’

साहेब धुळ्याचे निघाले. त्यांनी खडू मागून घेतला आणि पहिल्या स्तंभात खाली स्वतःच्या हातानं ‘शाया’ लिहिलं, श मात्र जुन्या वळणाचा.